पगार दुप्पट, कंपनी मात्र अमेरिकेच्या यादीत

पत्र

ताई, नमस्कार. मी २९ वर्षांची, मेकॅनिकल इंजिनियर, महापेला एका डिझाइन सर्व्हिसवाल्या कंपनीत सीएफडी, म्हणजे हवा-पाणी कसं वाहतं याचं कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन, करते. राहायला ऐरोलीत, फ्लॅटचं लोन चालू आहे. मला एका रशियन कंपनीची ऑफर आलीये. ते स्वतःचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर बनवतात, मेशर (आकाराचे बारीक तुकडे पाडणारा), सॉल्व्हर (गणित सोडवणारा) सगळं त्यांचंच. इंडियात आत्ता सुरू करतायत, ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये को-वर्किंगला जागा घेतलीये आणि मी त्यांची इथली पहिली अ‍ॅप्लिकेशन इंजिनियर असेन. पगार आत्ताच्या जवळजवळ दुप्पट. कंपनी सँक्शन्सखाली आहे (म्हणजे परदेशी निर्बंध आहेत) हे त्यांनी इंटरव्ह्यूमध्येच सांगितलं, पण "इंडियाचा कायदा आपल्याला थांबवत नाही, तुम्ही टेन्शन घेऊ नका" असंही म्हणाले. सुरुवातीचे काही महिने पगार त्यांच्या दुबईच्या पार्टनर कंपनीकडून येईल.

बाबा बीएआरसीतून (भाभा अणुसंशोधन केंद्रातून) रिटायर झालेत. ते म्हणतात, "आमच्यावर पण सँक्शन होतं, आम्ही काय उपाशी मेलो? उलट माणसं तयार झाली. घे बिनधास्त." नवरा आयटीत आहे, त्याचं पुढच्या वर्षी एल-वनवर (कंपनीतल्या बदलीच्या व्हिसावर) डॅलसला जायचं घाटतंय, तो म्हणतो असल्या कंपनीचं नाव सीव्हीवर आलं की आपलं दोघांचं अमेरिकेचं दार कायमचं बंद. घरात रोज यावरून वाजतंय. काय करू?

ता.क. त्यांची इंडियन प्रायव्हेट लिमिटेड रजिस्टर होतेय, त्यात इंडियात राहणारा एक डायरेक्टर लागतो म्हणे, फॉर्मॅलिटी आहे, तर तुमचं नाव टाकू का असं विचारलंय. पॅन, आधार, फोटो मी पाठवून दिलेत. आणि नोटीस पीरियडमध्ये जमलं तर आत्ताच्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरवर दोन-तीन केसेस रन करून ठेवा, कम्पॅरिझनला लागतील, असंही बोललेत.

— गोंधळलेली, ऐरोली

उत्तर

अगं, तुझं सगळं पत्र एकीकडे आणि ता.क. एकीकडे! नोकरी घ्यायची का, बाबा बरोबर की नवरा बरोबर, डॅलसचं काय होणार, यावर आपण बोलूच, पण ज्या दोन गोष्टी तू जाता जाता शेवटी लिहिल्यास ना त्याच खऱ्या आगीच्या आहेत, म्हणून आधी त्या.

डायरेक्टर व्हायचं नाही. अजिबात नाही. ते "फॉर्मॅलिटी" म्हणाले त्यात अर्धं खरं आहे, म्हणजे आपल्या कंपनी कायद्यात प्रायव्हेट लिमिटेडला कमीत कमी दोन डायरेक्टर लागतात आणि त्यातला एक तरी आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलेला हवा, त्यामुळे बाहेरची कुठलीही कंपनी इथे येते तेव्हा तिला कोणीतरी इथला माणूस शोधावाच लागतो. पण त्यासाठी सीए फर्म असतात, फी घेऊन प्रोफेशनल डायरेक्टर देणारे लोक असतात. पहिल्याच एम्प्लॉयीच्या गळ्यात ते घालणं म्हणजे त्यांचे पैसे वाचतात आणि जोखीम तुझ्याकडे येते. तुझं नाव कॉर्पोरेट अफेअर्स मंत्रालयाच्या साइटवर कोणालाही दिसणार, कंपनीचा टॅक्स वसूल झाला नाही तर प्रायव्हेट कंपनीत डायरेक्टरच्या मागे लागता येतं, आणि राजीनामा दिलास तरी तू पदावर असतानाच्या भानगडी तुलाच चिकटून राहतात. हे झालं साध्या कंपनीचं. इथे वर सँक्शन आहे. ३० ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकेने जगभरातल्या जवळजवळ चारशे नावांवर निर्बंध टाकले, कारण काय तर रशियाला माल पुरवणं वगैरे, त्यात आपल्याकडच्याही बऱ्याच कंपन्या होत्या, आणि एका भारतीय कंपनीचे तर दोन डायरेक्टर स्वतःच्या नावाने यादीत गेले. साधा पगारदार इंजिनियर असा यादीत जाणं ही क्वचितची गोष्ट आहे. डायरेक्टरचं तसं नाही, तो कागदावर कंपनीचा चेहरा असतो.

दुसरी गोष्ट ती केसेस रन करून ठेवायची. तू रोज सीएफडी करतेस म्हणून सांगते, लायसन्स सर्व्हरचा लॉग कधी उघडून बघितलायस का? नुसती टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. कुठलं फीचर, कोणत्या युझरनेमने, कोणत्या मशीनवरून, किती वाजता उचललं आणि किती वाजता परत ठेवलं, एकेका ओळीत सगळं लिहिलेलं असतं. रात्री साडेदहाला तुझ्या नावाने सॉल्व्हर चालू होता आणि त्या दिवशी तुझ्याकडे कुठलाच प्रोजेक्ट नव्हता हे आयटीवाल्याला पाच मिनिटांत कळतं. बरं, ते कळलं नाही तरी ही नोकरीची साधी बेइमानी आहेच, आणि वर तुझ्या ऑफिसचं सॉफ्टवेअर बहुतेक अमेरिकन असणार, त्याच्या लायसन्स अ‍ॅग्रीमेंटमध्ये एक्सपोर्ट कंट्रोलचं कलम असतंच, आपण कोणी ते वाचत नाही. १२ जून २०२४ ला अमेरिकेने डिझाइन आणि मॅन्युफॅक्चरिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्ट आणि क्लाउड सर्व्हिसेस रशियातल्या कोणालाही द्यायला बंदी केली, १२ सप्टेंबरपासून ती लागू झाली, आणि युरोपने तर डिसेंबर २०२३ मध्येच इंडस्ट्रियल डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बंदी आणली होती. अशा वेळी तू महापेच्या लायसन्सवर रन मारून रिझल्ट मॉस्कोला पाठवणार? उद्या तुझ्या आत्ताच्या कंपनीला व्हेंडरची ऑडिट नोटीस आली तर ते पहिलं बोट कोणाकडे दाखवतील?

आणि हे विचारणारा माणूस तुझा होणारा बॉस आहे. यावरून तू काय समजायचं ते समज.

आता मुख्य विषय. इंडियाचा कायदा थांबवत नाही हे त्यांचं म्हणणं खोटं नाहीये. भारत यूएनच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध मानतो, एकट्या अमेरिकेने किंवा युरोपने घातलेले मानत नाही, सरकारने हे परत परत सांगितलंय. त्या कंपनीत नोकरी केलीस म्हणून रबाळे पोलीस स्टेशनचा हवालदार तुझ्या दारात येणार नाही. पण सँक्शन पोलिसांच्या वाटेने येतच नाही गं. ते बँकेच्या, व्हिसाच्या, ईमेलच्या आणि क्लायंटच्या कम्प्लायन्स डिपार्टमेंटच्या वाटेने येतं, आणि या चारही ठिकाणी बसलेल्या माणसाला भारतीय कायदा काय म्हणतो याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला स्वतःची मान वाचवायची असते.

हे हवेतलं नाही. २०२५ च्या जुलैमधलीच गोष्ट घे. नायरा एनर्जी, भारतीय कंपनी, मुंबईत हेड ऑफिस, वाडीनारला रिफायनरी, रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांच्या आसपास हिस्सा. १८ जुलैला युरोपियन युनियनने तिच्यावर निर्बंध टाकले आणि २२ जुलैला मायक्रोसॉफ्टने तिच्या सर्व्हिसेस बंद केल्या, म्हणजे लोकांचे ऑफिसचे ईमेल गेले, टीम्स गेलं. बंद करणारी कंपनी अमेरिकन, निर्बंध युरोपचे, कर्मचारी इथले, आणि भारताच्या कायद्याने कोणीच काही चुकीचं केलेलं नव्हतं. नायरा दिल्ली हायकोर्टात गेली आणि ३० तारखेच्या सुमारास सर्व्हिस परत आली. एवढी मोठी रिफायनरी, वकिलांची फौज, तरी आठवडाभर मेल नाही. तुमच्या वागळे इस्टेटच्या दोन टेबलांच्या ऑफिसासाठी कोर्टात कोण जाणार?

आता बाबांकडे येऊ, कारण मला वाटतं तुझा गोंधळ तिथूनच सुरू झालाय. बाबा जे म्हणतायत ते अनुभवाचं बोलतायत आणि त्यात अभिमान आहे, तो असायलाच हवा. १९७४ च्या चाचणीनंतर आपल्याला अणुतंत्रज्ञान मिळणं अवघड झालं, १९९८ ला पोखरण झालं आणि अमेरिकेच्या एंटिटी लिस्टमध्ये बीएआरसी, डीआरडीओ, इस्रोच्या संस्था जाऊन बसल्या, बीएआरसीचं नाव तर १५ जानेवारी २०२५ ला निघालं, म्हणजे बाबांच्या नोकरीचा केवढा मोठा काळ त्यातच गेला असेल. आपल्याला हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर दिला नाही तर १९८८ ला पुण्यात सीडॅक उभं राहिलं आणि १९९१ ला परम ८००० आला, ट्रॉम्ब्यात बीएआरसीच्या लोकांनी अनुपम बांधला, तिरुवनंतपुरमला विक्रम साराभाई सेंटरने स्वतःचं फाइनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर लिहिलं, फीस्ट. हे सगळं खरं. माणसं तयार झाली हेही खरं.

पण बाबांना एक प्रश्न विचार: त्यांचा पगार कोण देत होतं? भारत सरकार, रुपयात, महिन्याच्या शेवटी, स्टेट बँकेत. अणुशक्तीनगरचं क्वार्टर सरकारचं, पेन्शन सरकारचं. सँक्शनने त्यांच्या लॅबला येणारं मशीन अडवलं, त्यांच्या घरात येणारा पगार नाही. तुझ्या केसमध्ये यादीतली कंपनी म्हणजेच तुझी पगार देणारी. बाबा यादीतल्या संस्थेत होते पण त्यांच्या मागे देश उभा होता, तुझ्या मागे एक ऑफर लेटर आणि दुबईची एक पार्टनर कंपनी उभी आहे.

शिवाय यादी-यादीतही फरक आहे, आणि इथे तुला खरंच अभ्यास करावा लागेल कारण तू लिहिलंयस "कंपनी सँक्शन्सखाली आहे", पण कुठल्या यादीत हे तू विचारलेलं दिसत नाहीस. बाबांची होती ती एंटिटी लिस्ट, अमेरिकेच्या कॉमर्स डिपार्टमेंटची. तिचा अर्थ साधारण असा की या गिऱ्हाइकाला आमचा माल लायसन्सशिवाय द्यायचा नाही. दुसरी असते ट्रेझरीच्या, म्हणजे अर्थखात्याच्या, ओफॅक या निर्बंध बघणाऱ्या ऑफिसची एसडीएन लिस्ट. तिच्यात नाव गेलं की मालमत्ता गोठवतात आणि कुठल्याही अमेरिकन माणसाने, कंपनीने, बँकेने त्यांच्याशी कसलाच व्यवहार करायचा नाही, आणि ग्रीन कार्डवाला अमेरिकेबाहेर असला तरी तो यात अमेरिकनच. पहिली म्हणजे वाण्याने उधारी बंद करणं, दुसरी म्हणजे वाळीत टाकणं, त्याला जो पाणी देईल त्याच्याकडेही गाव संशयाने बघणार. कारण रशियासंबंधीचा जो आदेश आहे, २०२१ चा १४०२४ नंबरचा, त्यात यादीतल्याला वस्तू, सेवा, तांत्रिक मदत देणाऱ्यालाही यादीत टाकायची सोय आहे. सोय आहे म्हणजे तुला टाकतीलच असं नाही, उगाच घाबरवत नाही मी, पण दार उघडं ठेवलंय एवढं लक्षात ठेव.

ओफॅकच्या साइटवर सँक्शन्स लिस्ट सर्च आहे, फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. कंपनीचं नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाक, मग स्पेलिंग बदलून टाक, रशियन नावं इंग्रजीत चार प्रकारे लिहितात. मॅचिंगचा स्लायडर शंभरवरून खाली आण. मग मालकाचं नाव टाक, मूळ कंपनीचं टाक, आणि त्या दुबईवाल्याचं तर नक्की टाक. कंपनीचं नाव सापडलं नाही म्हणून सुटलीस असं समजू नकोस, कारण ओफॅकचा ५० टक्क्यांचा नियम आहे, यादीतल्या माणसांचा किंवा कंपन्यांचा मिळून निम्मा किंवा जास्त हिस्सा असेल तर ती कंपनी यादीत नाव नसतानाही गोठलेलीच धरतात. तुमची ठाण्याची प्रायव्हेट लिमिटेड शंभर टक्के मॉस्कोच्या मालकीची असणार, मॉस्कोवाली एसडीएन असेल तर ठाणेवाली जन्मतःच तशीच. युरोपियन युनियनची आणि ब्रिटनची यादी वेगळी, त्याही बघ.

आता दुबई. पगार दुसऱ्याच कंपनीकडून येणार असेल तर मला तरी नोकरी कितीही चांगली असली तरी खटकतं. असे पैसे बहुतेक वेळा डॉलरमध्ये निघतात, आणि डॉलर दुबईहून ऐरोलीला येताना मधे न्यूयॉर्कच्या कुठल्यातरी बँकेतून जातो, तिथे अमेरिकेचा कायदा लागू झाला, संपलं. पाठवणाऱ्याचं नाव बँकेच्या स्क्रीनिंग सॉफ्टवेअरमध्ये अडकलं की पैसे होल्डवर. मग तुझ्या शाखेतून फोन येणार, मॅडम पर्पज कोड काय, इन्व्हॉइस द्या, एम्प्लॉयमेंट अ‍ॅग्रीमेंट द्या, अ‍ॅग्रीमेंटवर तर वेगळ्याच कंपनीचं नाव दिसतंय. आणि तिकडे पाच तारखेला होम लोनचा हप्ता उभाच आहे, तो काही होल्डवर जात नाही. इकडच्या बँकाही का घाबरतात तर डिसेंबर २०२३ पासून अमेरिकेने सांगून ठेवलंय की रशियाच्या युद्धउद्योगाशी संबंधित मोठे व्यवहार करणाऱ्या परदेशी बँकेचं अमेरिकेतलं खातंच बंद करू, आणि २०२४ च्या जूनमध्ये त्याची व्याप्ती अजून वाढवली. कुठली बँक तुझ्या पगारासाठी ती रिस्क घेईल?

सरळ मार्ग आहे, नाही असं नाही. रिझर्व्ह बँकेने ११ जुलै २०२२ ला रुपयात व्यापाराची व्यवस्था आणली, त्यात रशियन बँका इथल्या बँकांमध्ये वोस्ट्रो (म्हणजे परदेशी बँकेची इथली रुपयातली) खाती उघडू शकतात, आणि एखादी रशियन कंपनी खरंच इथे नीट धंदा करायला आली असेल तर ती त्या वाटेने रुपये आणून, इथली कंपनी आधी उभी करून, पीएफ-टीडीएस कापून, फॉर्म १६ देऊन पगार करू शकते. ते न करता "आधी जॉइन व्हा, मग बघू" म्हणतायत याचा अर्थ घाई त्यांना आहे. का आहे तेही कळण्यासारखं आहे, २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर ऑटोडेस्क, सीमेन्स, अ‍ॅन्सिस सगळ्यांनी रशियातला धंदा थांबवला, वर्षाच्या लायसन्सवर चालणाऱ्यांची लायसन्स फाइलमधली तारीख आली की सॉल्व्हर उघडायचा बंद, त्यामुळे घरच्या सॉफ्टवेअरला तिकडे मोठी मागणी आली, आणि आता त्यांना बाहेर गिऱ्हाईक हवंय तर चीननंतर नजर आपल्याकडेच येणार.

सॉफ्टवेअर वाईट असेल असं माझं अजिबात म्हणणं नाही. गलेर्किन, कोल्मोगोरोव, गोडुनोव या नावांशिवाय तुझ्या सीएफडीच्या पुस्तकाची पन्नास पानं पुढे सरकत नाहीत आणि ही सगळी त्याच बाजूची माणसं. मी स्वतः वाशीच्या ऑफिसात बसून आयुष्यातली बरीच वर्षं मेश साफ करण्यात घालवलीयेत, नवीन सॉल्व्हर हाताला लागला की काय मजा येते ते मला माहितीये. पण अ‍ॅप्लिकेशन इंजिनियरला सॉफ्टवेअर नुसतं चालवायचं नसतं, ते क्लायंटकडे नेऊन डेमो द्यायचा, बेंचमार्क करायचा, विकायला मदत करायची. तू कोणाला विकणार? ट्रान्स-हार्बर लाइनच्या दोन्ही बाजूंच्या एमआयडीसीतल्या कंपन्या डोळ्यांसमोर आण, महापे, रबाळे, तुर्भे. ज्यांच्याकडे सिम्युलेशनचं बजेट आहे त्यातल्या बहुतेकांची पॅरेंट कंपनी तरी जर्मन-अमेरिकन आहे नाहीतर क्लायंट तरी. त्यांच्या व्हेंडर रजिस्ट्रेशन फॉर्ममध्ये सँक्शन्सचं डिक्लरेशन पहिल्या दोन पानांत असतं. तिथे तुझा पहिला डेमोही होणार नाही. उरतात सरकारी आणि संरक्षण क्षेत्रातली गिऱ्हाइकं, कुडनकुलमसारख्या रशियन प्रोजेक्टशी जोडलेले लोक, पण तिथली खरेदी टेंडरने, वर्ष-वर्ष चालणारी, आणि पहिल्याच वर्षी तुला टार्गेट किती दिलंय ते तू लिहिलं नाहीस. विचारून घे. दुप्पट पगारात व्हेरिएबल किती आहे तेही.

राहता राहिला नवरा आणि डॅलस. तो म्हणतो तसं "कायमचं बंद" वगैरे नसतं, यादीतल्या कंपनीत पूर्वी नोकरी केली म्हणून आपोआप व्हिसा नाकारायचा असा सरसकट नियम नाहीये. पण तो एल-वनवर गेला की तू एल-टूवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर जाणार, तुझा व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म वेगळा, त्यात आत्ताची नोकरी आणि मागच्या पाच वर्षांतल्या नोकऱ्या लिहाव्या लागतात, कंपनीचं नाव, पत्ता, काय काम करत होतीस सगळं. फ्लुइड सिम्युलेशन, रशियन एम्प्लॉयर, यादीत नाव. हे वाचून बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीतल्या ऑफिसरने २२१-जीचा, म्हणजे व्हिसा तूर्त रोखल्याचा, कागद हातात दिला आणि फाइल अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंगला गेली तर त्याला दोन आठवडे लागतील की सहा महिने हे कोणी सांगू शकत नाही. लपवायचा विचार मनातही आणू नकोस, फॉर्मवर खोटं लिहिणं ही मात्र खरोखरची कायमची भानगड. आणि तिकडे गेल्यावर एल-टूच्या बायका-नवऱ्यांना कामाची परवानगी असते, तुला तिथे सिम्युलेशनमध्येच नोकरी शोधायची असेल तर तिथल्या कंपनीची एचआर तुझा सीव्ही वाचून काय करेल याचा विचार कर. नवऱ्याने शब्द जास्त मोठे वापरले, पण त्याची काळजी बिनबुडाची नाही.

तर माझं मत विचारशील तर, आत्ता ज्या रूपात ही ऑफर आहे त्या रूपात घेऊ नकोस. डॅलसचा प्लॅन असताना तर नकोच. माझं मत कशाने बदलेल तेही सांगते: कंपनी एसडीएनमध्ये नाही, ५० टक्क्यांच्या नियमातही येत नाही असं तुला स्वतः तपासून कळलं, पगार इथल्या रजिस्टर झालेल्या कंपनीकडून रुपयात, डायरेक्टर दुसरा कोणीतरी, आणि तुम्ही दोघांनी पुढची पाच-सात वर्षं अमेरिका डोक्यातून काढली असेल, तर मी म्हणेन विचार कर. चार गोष्टी एकदम जुळणं अवघड आहे हे मला माहितीये. आणि तरीही मोह होत असेल तर जॉइन व्हायच्या आधी सँक्शन्सचं काम करणाऱ्या वकिलाचा एक तास विकत घे, ओळखीच्या कन्व्हेयन्सिंगवाल्या वकिलाला विचारू नकोस, तो तुला "काही होत नाही" म्हणेल.

पगाराचं दुखणं मात्र खरं आहे. दुप्पट ऐकून तू हलली आहेस याचा अर्थ आत्ताच्या ठिकाणी तुला कमी मिळतंय, ते वेगळं सोडव. ठाणे-नवी मुंबई-पुणे पट्ट्यात मोठ्या परदेशी कंपन्यांची इंजिनियरिंग सेंटर्स आहेत, तिथे अप्लाय कर. नवीन सॉल्व्हर शिकायची खाज असेल तर ओपनफोम हे सीएफडीचं सॉफ्टवेअर आहे, सोर्स कोड उघडा आहे, आत जाऊन टर्ब्युलन्स मॉडेल बदलून बघता येतं. लायसन्स फाइलच नाही तर त्यात तारीख कुठून येणार! नुसती बटणं दाबणाऱ्यापेक्षा कोडमध्ये हात घालणाऱ्याला मार्केटमध्ये वेगळा भाव आहे, आणि याबाबतीत बाबांचं "माणसं तयार झाली" शंभर टक्के लागू पडतं.

बाबांशी वाद घालू नकोस. त्यांना एवढंच विचार की १९९८ नंतर पगार एखाद्या महिन्यात दुबईहून आला असता तर आई काय म्हणाली असती.

आणि आज रात्रीच हे कर, उद्यावर ढकलू नकोस. पॅन-आधार पाठवल्यानंतर कोणी तुझ्याकडून मोबाइलवर ओटीपी घेतलाय का, डिजिटल सिग्नेचरसाठी कॅमेऱ्यासमोर व्हिडिओ करायला लावलाय का, डीआयआर-२ नावाच्या, डायरेक्टर व्हायला संमती देणाऱ्या कागदावर सही घेतलीये का ते आठव. यातलं काहीही झालं असेल तर सरळ सीएला गाठ. झालं नसेल तर त्यांना मेल टाक, व्हॉट्सअ‍ॅप नको, मेल. "मी डायरेक्टर होण्यास संमती देत नाही, माझी कागदपत्रं कुठल्याही रजिस्ट्रेशनसाठी वापरू नयेत आणि डिलीट केल्याचं मला लेखी कळवावं", बास, एवढ्या तीन ओळी इंग्रजीत. त्याच्या खाली विचार की कंपनी नेमकी कोणत्या यादीत आहे, कधीपासून, आणि पगार पाठवणाऱ्या दुबईच्या कंपनीचं पूर्ण नाव आणि मालक कोण. मेल पर्सनल आयडीवरून कर, ऑफिसच्या नको. चार दिवसांनी कॉर्पोरेट अफेअर्स मंत्रालयाच्या साइटवर जाऊन ठाण्याच्या त्या कंपनीच्या डायरेक्टरांच्या यादीत तुझं नाव नाही ना तेवढं बघून घे आणि मला कळव.